उबुदची जॅझ-गामेलान मैफल : कोणी कोणाच्या सुरात यायचं?

कोमल_निषाद

बालीवरचे धागे इथे पोत्याने आहेत, पण झोपाळा, माकडं आणि तरंगता नाश्ता यापलीकडे त्यात फारसं काही सापडत नाही. म्हणून हा जरा वेगळा विषय. उबुदला एका उघड्या मंडपात जॅझवाले आणि गामेलान (तिकडचा पारंपरिक वाद्यवृंद) यांची एकत्र मैफल ऐकली. आवडली का? अर्धी. त्या अर्ध्याबद्दलच लिहायचंय. कलाकारांची आणि जागेची नावं देत नाही, कारण खाली कुरकुर आहे.

ज्यांनी गामेलान ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी: काशाच्या पट्ट्यांची वाद्यं (गंगसा), पालथ्या पातेल्यांसारख्या छोट्या गाँगची लांब रांग (रेयोंग), दोन्ही बाजूंनी वाजणारे दोन कंडांग (ढोल), झांजा, बासरी आणि मागे टांगलेले मोठे गाँग. सगळे जमिनीवर मांडी घालून, पादत्राणं बाहेर, आणि वाद्य ओलांडून कोणी जायचं नाही. बालीत आज सगळीकडे वाजतो तो ‘कब्यार’ प्रकार प्राचीन वगैरे वाटतो, पण तो १९१५च्या सुमारास उत्तर बालीत निघाला. जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ची. म्हणजे दोघं तसे समवयस्कच.

मंडपात डावीकडे वीसेक गामेलानवाले, उजवीकडे सॅक्सोफोन, डबल बास, ड्रम्स आणि पियानो. मोठ्या गाँगपुढे नारळाच्या झावळीच्या द्रोणात फुलं, उदबत्ती. पूर्वार्धात पियानोवाल्याने दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड्स दिल्या, आणि मला दातात कळ यावी तसं होत राहिलं. वाईट वाजवत होता असं नाही. एकटा ऐकला असता तर वा म्हटलं असतं. पण त्याचा सूर आणि काशाचा सूर यांची गाठच पडत नव्हती आणि दोघंही हटायला तयार नव्हते.

मध्यंतरानंतर चित्र पालटलं. त्याने पियानोचं झाकण उघडलं, एका हाताने आतल्या तारा दाबून धरल्या आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या ठोकायला सुरुवात केली. सूर जवळपास गायब, नुसता बोथट ठोका. आणि सॅक्सवाला मोकळा झाला. ओठ सैल करून सूर खाली सोडायचा, काशाच्या सुराला टेकवायचा, पुन्हा वर न्यायचा. बासवाल्याची बोटंही सरकत सरकत जागा शोधत होती. त्या पाऊण तासासाठी मी परत जाईन.

तर प्रश्न असा: अशा मैफलीत कोणी कोणाच्या सुरात यायचं? आणि इथे कोणी आणखी असं काही ऐकलंय का?

चौसष्ट_पैसे

फ्यूजन म्हटलं की मी चपला घालतो. ठरलेला नाच असतो: आधी याने पाच मिनिटं वाजवायचं, मग त्याने, मग सवाल-जवाब, मग लय वाढवत वाढवत धडाम, लोक उभे. आपल्याकडे दर डिसेंबरात हेच चालतं, फक्त सतारीच्या जागी कधी बासरी येते. काशाच्या पट्ट्या आल्या म्हणून वेगळं काय झालं?

बाकी वर्णन झकास. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

पेटीवाला

कोमलताई, दातात कळ आली ती तुमच्या कानांची तक्रार नव्हे, गणिताची आहे. मी पेटी वाजवतो, म्हणून या दुखण्याशी जुनी ओळख.

पियानो काय आणि पेटी काय, सप्तकाचे बारा समान तुकडे. एक तुकडा १०० सेंट (सुरांतलं अंतर मोजायचं माप) धरा. गामेलानमधल्या स्लेंद्रो या सप्तकात पाचच सूर असतात आणि ते साधारण सारख्या अंतरावर. १२०० भागिले ५, म्हणजे २४० सेंटच्या आसपास. पेटीवर २०० आहे आणि ३०० आहे, २४० नाही. आपल्याला भूप राग वाटतो, पण कोणताच सूर भूपाच्या जागेवर नसतो. बालीच्या कब्यारमध्ये पेलोग या दुसऱ्या सप्तकाच्या घराण्यातले पाच सूर घेतात. ते आपल्या कानाला भूपाल तोडीच्या अंगाने जाणारे वाटतात: कोमल रिषभ, कोमल गंधार, पंचम, कोमल धैवत. पुन्हा तेच, जवळपास. तंतोतंत नाही.

आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, त्यामागे हाच वाद होता. ती पुढे तीस वर्षं टिकली. तरी पेटीचा दोष काही सेंटांचा. गवई मींड घेतो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जातो, पेटीवाला तिथे हात आखडता घेतो, आणि वेळ निभावते. शिवाय मी गवयाला विचारू शकतो, सा कुठे धरू, पांढरी चार की काळी एक? गामेलानला असं विचारता येत नाही. काशाची पट्टी कानस मारूनच सुरात आणतात. एकदा झाली की झाली. आणि प्रत्येक संचाचा सूर वेगळा, एका गावाची पट्टी दुसऱ्या गावाच्या संचात चालत नाही.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे: ज्याला हलता येतं त्याने हलायचं.

कोमल_निषाद

@पेटीवाला, भूपाल तोडी! तेच डोक्यात घोळत होतं, नाव सापडत नव्हतं.

त्यात आणखी एक गंमत. गंगसा जोडीने असतात आणि जोडीतला एक मुद्दाम किंचित चढा लावतात. दोघांनी एकच सूर मारला की आवाज थरथरतो, सेकंदाला पाच-सात लाटा येतात. आपण तंबोरा मिळवताना जी थरथर घालवायला जीव काढतो, ती हे लोक मेहनतीने घालतात. ती नसेल तर वाद्य मेलेलं वाटतं त्यांना. मग पियानोने जुळवून तरी कोणाशी घ्यायचं, खालच्याशी की वरच्याशी?

सॅक्सवाल्याने यावर काय केलं ते जवळून पाहिलं. तो लांब सूर धरून त्या दोघांच्या मधे हळूहळू हलवत होता. लाटांचा वेग बदलताना ऐकू येत होता. समोरच्या गंगसावाल्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि हसला. तोवर ते सगळे गंभीर चेहऱ्याने वाजवत होते.

@चौसष्ट_पैसे, सवाल-जवाब नव्हते. एकेकट्याने वाजवणं फक्त सॅक्सचं, तेही मागे गामेलान चालू असताना. गामेलानमध्ये एकट्याने पुढे येऊन करामत दाखवायची चालच फारशी नाही.

तिहाई

मी तबल्याचा माणूस, सुरांचं तुम्ही बघा. मला लयीचं विचारायचंय. ड्रमवाला स्विंग (जॅझचा डुलता ठेका) वाजवत होता का? कारण गामेलान स्विंग होत नाही. त्यांची बारीक लय सरळ असते, एकदम कातीव.

आणि कोतेकान लक्षात आलं का? एक जण निम्मे सूर वाजवतो, दुसरा मधले उरलेले निम्मे. पहिल्याला पोलोस म्हणतात, दुसऱ्याला सांगसिह. दोघांचं मिळून एक सलग धावतं काम होतं, जे एकट्याच्या हाताला त्या वेगाने जमणारच नाही. उजव्या हाताने मारायचं आणि लगेच डाव्या हाताने मागची पट्टी पकडून तिचा आवाज बंद करायचा. हे न जमलेल्याचं लगेच कळतं, सगळं घोंगावत राहतं.

तिसरं, मोठा गाँग. आवर्तन तिथे संपतं. त्यांच्या हिशेबात वजन शेवटच्या मात्रेवर. पाश्चात्त्य कान पहिल्या मात्रेवर वजन शोधतो आणि चुकतो. आपल्याला मात्र हे समजावून सांगावं लागत नाही, तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) कुठे येऊन पडते ते पोरंसोरंही जाणतात. माझं मत: जॅझ आणि गामेलान सुरांत कधीच पुरते भेटणार नाहीत, भेटले तर समेवर भेटतील.

कोमल_निषाद

@तिहाई, पूर्वार्धात स्विंगचा प्रयत्न झाला. राईड झांजेवर तो नेहमीचा डुलता ठेका, आणि त्याखाली कोतेकानची सुई. दोन्ही एकमेकांना ओरबाडत होते. उत्तरार्धात त्याने काठ्या ठेवल्या, ब्रश घेतले आणि बहुतेक वेळ कंडांगवाल्याच्या हाताकडे बघत बसला. गामेलानची लय घड्याळासारखी चालतच नाही. कंडांगवाला इशारा देतो आणि वीस माणसं एका श्वासात वेग वाढवतात, की लगेच खाली आणतात. ड्रमवाल्याला ते आधी ओळखावं लागत होतं. दोनदा फसला, तिसऱ्यांदा बरोबर गाँगवर आला, तेव्हा माझ्या तोंडून ‘क्या बात’ निघून गेलं आणि शेजारचं ऑस्ट्रेलियन जोडपं दचकलं.

जकार्ताची_सून

वाचनखूण साठवली. इथे इंडोनेशियात राहून बरीच वर्षं झाली, त्यामुळे थोडी भर घालते.

हा खटाटोप इथे नवा नाही. १९६७ साली अमेरिकन क्लॅरिनेटवादक टोनी स्कॉट आणि इंडोनेशियन ऑल स्टार्स यांनी ‘जांगेर बाली’ ही तबकडी केली. पियानोवर सुराबायाचे बुबी चेन, गिटारवर जॅक लेस्माना. बर्लिनच्या जॅझ महोत्सवात ही मंडळी वाजवून आली आणि ध्वनिमुद्रण जर्मनीतच झालं. इंडोनेशियन जॅझचा विषय निघाला की इथले जुने लोक तिथून सुरुवात करतात.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘क्राकाताऊ’ या बँडने दिलं. बांडुंगचा बँड, १९८५चा. आधी गुळगुळीत पॉप-जॅझ वाजवायचे, लोकप्रियही होते. नव्वदच्या दशकात सुंडा (पश्चिम जावा) भागातल्या गामेलानकडे वळले आणि द्विकी धर्मावान यांनी आपला कीबोर्डच स्लेंद्रो-पेलोगच्या सुरांवर लावून घेतला. बासला पडदेच नाहीत, म्हणजे बोट हवं तिथे थांबतं. पेटीवाले काका म्हणतात ते ‘ज्याला हलता येतं त्याने हलायचं’ हेच.

‘सिमाकडायलॉग’ या बँडचा मार्ग वेगळा. रिझा अर्शाद यांनी इलेक्ट्रिक पियानो तसाच ठेवला, पण ड्रमसेट काढून टाकून सुंडाचे कंडांग बसवले. काशाची वाद्यं जवळपास नाहीतच, त्यामुळे सुरांचं भांडण मिटलं आणि लय इथली राहिली. रिझा २०१७ साली गेले. आणि बालीचाच गिटारवाला बालावान, बातुआन गावचा. दोन मानेची गिटार घेऊन दोन्ही हातांची बोटं पट्टीवर आपटत वाजवतो, पाठीमागे गामेलान. त्याला ऐकताना गिटार कोतेकान वाजवते आहे असंच वाटतं.

मडगांवचो_बाब

वाचतां वाचतां मजा आली. आमच्या गोंयकार वादकांनी मुंबईत हॉटेलांत जॅझ वाजवला, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवला, तें सगळ्यांना ठाऊक आहे. पण राग आणि जॅझ यांची सांगड ब्राझ गोन्साल्विसने सॅक्सोफोनवर घातली तें आता थोड्यांनाच आठवतं. १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा (जॅझचा महोत्सव) झाली, रंगभवनात, तेव्हा अमेरिकेचा सॅक्सवाला सॉनी रॉलिन्स आला होता. त्या सगळ्या प्रयोगांत सॅक्सला सोपं गेलं आणि पियानोला जड, हें तिथेही दिसायचं. सॅक्समध्ये मींड आहे. पियानोवाल्याला राग वाजवायचा तर कॉर्ड कमी कराव्या लागतात, नाहीतर राग गुदमरतो.

अवांतर: रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकलं आणि उघड्यावरच्या मैफलींची एक चांगली जागा गेली. असो.

धुक्यातली_वाट

सुरांच्या बाबतीत तिहाई म्हणतात ते सगळीकडे खरं नाही. आग्नेय आशिया म्हणजे नुसतं कासं नव्हे. व्हिएतनामचं दान बाऊ घ्या. एकच तार, आणि डाव्या हातात एक लवचिक दांडी. ती वाकवली की सूर चढतो-उतरतो. नुसती मींडच मींड. पॅरिसचा गिटारवादक ङ्ग्वेन ले, मूळ व्हिएतनामी घराचा, त्याने १९९६च्या ‘टेल्स फ्रॉम व्हिएतनाम’मध्ये हुओंग थान्ह या गायिकेला आणि तिकडच्या वाद्यांना घेऊन जॅझ केला. तिथे मला एकदाही खटकलं नाही, कारण गळा, तार आणि गिटार तिघंही वाकतात.

थायलंडच्या रनातचं (लाकडी पट्ट्यांचं) पुन्हा कठीण, तिथे सप्तकाचे सात जवळजवळ समान भाग.

चौसष्ट_पैसे

बरं, चपला काढून बसतो थोडा वेळ. पण एक विचारतो. जो तो जॅझवाल्यांनी कसं जुळवून घेतलं ते सांगतोय. गामेलानवाल्यांना काय मिळालं? पाहुणे येतात, मागे ‘वातावरण’ म्हणून कासं वाजतं, फोटोत सॅक्सवाला.

कोमल_निषाद

नेमकं बोट ठेवलंत. माझी दुसरी कुरकुर हीच. पत्रकावर चार जॅझवाल्यांचे फोटो, नावं, कोण कुठे शिकला. आणि वीस जणांसाठी एक ओळ: ‘सोबत स्थानिक गामेलान’. गावाचंही नाव नाही! ज्यांच्या सुरात उत्तरार्ध उभा राहिला त्यांची ही वाट. मानधनाचं मला माहीत नाही, त्यामुळे बोलत नाही.

जकार्ताची_सून

यात थोडी दुसरी बाजू आहे. बालीत वाद्यं बहुधा एका माणसाची नसतात. ती बंजारची, म्हणजे वाडीची, नाहीतर देवळाची. वाजवणारे त्या वाडीचं मंडळ म्हणून वाजवतात. दिवसा कोणी शेतात, कोणी ड्रायव्हर, कोणी हॉटेलात. स्वरलिपी समोर नसते, गुरूच्या हातातल्या हातोड्याकडे बघून शिकायचं. एकेकाचं नाव छापलं नाही तर त्यांना वाईट वाटेलच असं नाही. पण मंडळाचं नाव नाही हे मात्र चुकलंच. ते त्यांनाही लागलं असेल.

आणि ‘वातावरण’ न होता बरोबरीने कसं करतात ते पाहायचं तर जावाकडे या. जादुक फेरियांतो स्वतः परंपरेतला माणूस. ‘कुआ एत्निका’ हा त्याचा समूह, जॅझवाले त्याच्याकडे यायचे. ब्रोमो ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे २००० मीटर उंचीवर, ‘जॅझ गुनुंग’ महोत्सव २००९ साली सुरू झाला, त्याच्या संस्थापकांत तो होता. तिथे लोक स्वेटर-कानटोपीत बसून ऐकतात. योग्यकार्ताजवळचा ‘ङायोगजॅझ’ त्याहून मजेदार: फुकट, आणि गावात. अंगणात मंच, शेजारी गावकऱ्यांचे खाण्याचे ठेले, आणि दरवेळी नवं गाव. जादुक २०१९च्या नोव्हेंबरात गेला, त्या वर्षीचा ङायोगजॅझ अगदी तोंडावर असताना. महोत्सव तरीही झाला.

तिहाई

गावात जॅझ आणि तोही फुकट! आपल्याकडे असं करायला घेतलं तर आधी मंचावर कोणाचा सत्कार यावरून दोन तास जातील.

चौसष्ट_पैसे

‘जांगेर बाली’ ऐकली. पियानो आहे आणि अजिबात खटकत नाही. पण हुशारी कळली: त्यात गामेलान वाजतच नाही. चाल तेवढी उचलली आणि जॅझमध्ये वाजवली. बुबी चेन मधे एक तंतुवाद्य घेतो, तेवढंच. म्हणजे भांडणाचा प्रश्नच नाही. हे फ्यूजन मला चालेल, कारण ते सरळ सरळ जॅझ आहे.

मग क्राकाताऊ लावलं. पहिली दहा मिनिटं वाटलं की कीबोर्ड बिघडलाय. बायको आतून ओरडली, ‘ते काय लावलंय, बंद करा.’ पण बंद केलं नाही. थोड्या वेळाने उलटंच झालं, काशाला कान सरावले आणि नंतर लागलेल्या जाहिरातीतला पियानो बेसूर वाटला. आता याला काय म्हणायचं?

पेटीवाला

म्हणायचं काय त्यात, कान लागला! आता आमची पेटी ऐकायला याल तेव्हा नाकं मुरडू नका म्हणजे झालं.

नवखी_श्रोती

खूप छान चर्चा, निम्मी डोक्यावरून गेली. आम्ही आईबाबांना घेऊन बालीला जातोय. बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांना असं काही ऐकवता येईल का? नुसतं गामेलानही चालेल. खूप मोठा आवाज असतो का? आईला त्रास होतो.

कोमल_निषाद

@नवखी_श्रोती, बाबा पखवाज वाजवतात तर आधी नुसतं गामेलानच ऐकवा. उबुदच्या राजवाड्यात रोज संध्याकाळी नाच असतो, साथीला पूर्ण गामेलान. लवकर जाऊन बाबांना कंडांगवाल्यांच्या बाजूला बसवा. दोन कंडांग असतात, एक नर एक मादी म्हणतात, मादीचा आवाज खर्जातला. दोघांचे बोल एकमेकांत कसे गुंततात ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा आधी कळेल. आवाज मोठा असतो, विशेषतः सुरुवातीला सगळे एकदम तुटून पडतात तेव्हा. आईंना मागच्या रांगेत आणि झांजांपासून लांब बसवा. कापूस जवळ ठेवा.

जॅझ हवा असेल तर उबुद व्हिलेज जॅझ फेस्टिव्हल आहे, २०१३ साली आर्मा संग्रहालयाच्या आवारात सुरू झाला. त्यात सगळंच गामेलानसोबत नसतं, सरळ जॅझही असतो, तेव्हा कार्यक्रमपत्रिका बघूनच तिकीट काढा. आणि एखाद्या कार्यक्रमात दोन्ही एकत्र असतील तर आधी बघा, गामेलान मंडळाचं नाव छापलंय का. ज्यांनी तेवढं केलंय त्यांनी तालमीही केल्या असतील असा माझा अंदाज.

तिहाई

आणि बाबांना सांगा, गाँग मोजायला बसा. पहिली दहा मिनिटं काही कळणार नाही, मग आवर्तन आपोआप हाताला लागतं. ते लागलं की त्यांना तिथून उठवायला तुम्हालाच त्रास होईल. परत आल्यावर त्यांचं मत इथे टाका, पखवाजवाल्याचं ऐकायचंय.